दुसऱ्या दिवशीचं कढण

प्यो सरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला, आणि गालमे बेटाच्या महिला मंडळासमोर शेवटी एकदाचं सांगून टाकलं की त्यांना प्रत्येकीची शी हवी आहे.

सभागृहाच्या ऊबदार फरशीवर मांडी घालून बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग वांदोवालीनं विचारलं, "किती देऊ, सर? वाटीभर की घमेलंभर?" आणि असा हशा पिकला की धक्क्यावर मासळी उतरवणारे पुरुष माना वळवून बघायला लागले.

"अक्रोडाएवढी पुरे," सर म्हणाले. बिचाऱ्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आता त्या बेटावर बोट दिवसातून दोनदा जाते आणि धक्क्यावर कॉफीचं दुकान झालंय. तेव्हा तसं नव्हतं. विद्यापीठातला माणूस तिथं यायचा म्हणजे मोठीच गोष्ट होती, आणि त्याला आणायला मालसुननं मुखियाच्या मागे लागून लागून पत्रं पाठवायला लावली होती. मालसुन मंडळाची अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेली, गुडघे पार गेलेले, पण आवाज असा की भरतीच्या वेळीसुद्धा या खडकावरून त्या खडकावर पोचायचा.

"हसता काय?" ती उभी राहिली. "नातवंडांची दुपटी धुताना लाज वाटली नाही, आता कसली वाटते? सर मोकपोहून बोटीत ओकत ओकत इथवर आलेत ते आपल्या मियॉकसाठी. सगळ्यांनी द्यायची. मी सगळ्यात आधी देणार."

मियॉक हेच त्या बेटाचं पीक. खडकांवर लाटांचा मार खात वाढणारं, लांब लांब पानांचं शेवाळ. हिवाळ्यात बायका खुरप्यांनी खडक घासून साफ करायच्या, म्हणजे मियॉकच्या बीला धरायला जागा मिळे. उन्हाळ्यात विळ्यानं कापायचं आणि फळीवर पानाला पान जोडून माणसाच्या उंचीची पट्टी वाळवायची. मग वर्षभर त्याचं कढण. वाढदिवसाला कढण, दुखण्यातून उठलेल्याला कढण, आणि बाळंतिणीला तर तीन आठवडे तिन्ही वेळ कढणच. बाळंतिणीसाठी निवडलेली पट्टी कधी दुमडायची नाही, मोडायची नाही. मूल देणारी आजी-देवी उशाशी बसलेली असते, तिच्यासमोर मोडकं काही ठेवत नाहीत. पट्टी कितीही लांब असो, खांद्यावरून तशीच सरळ न्यायची, बोटीतही उभीच ठेवायची.

प्यो सरांना पट्टीशी कर्तव्य नव्हतं. त्यांना हवा होता तिचा बुळबुळीतपणा.

"मियॉक भिजवलं की हाताला बुळबुळीत लागतं ना?" ते सांगत होते. "ती एक प्रकारची साखरच आहे, फक्त गोड नाही. साखरेचे कण एकमेकांत अडकून लांबच लांब साखळी झालेली. आपल्या पोटाला ती साखळी तोडता येत नाही. ती तशीच खाली मोठ्या आतड्यात उतरते. तिथं असंख्य जीवाणू राहतात. त्यातल्या थोड्यांकडेच ती तोडायची कात्री असते. ते तोडतात, खातात, त्यांच्या उष्ट्यावर आणखी चांगले जीवाणू पोसतात, आणि ते जे काही तयार करतात त्यानं आपलं आतडं धड राहतं. जगात पुष्कळांच्या पोटात ही कात्रीवाली मंडळी नसतातच. समुद्रातलं खाणाऱ्यांच्या पोटात असतात असं दिसतं. तुमच्या पोटात किती आहेत ते मला मोजायचंय."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं कढण प्यायलो ते आमच्यासाठी नव्हतंच," जांगसूवाली म्हणाली. "पोटातल्या पाहुण्यांसाठी होतं."

"तुझ्या पोटात पाहुणे असतील बाई, तू डोंगरातली," वांदोवाली म्हणाली. "आमचे घरचे आहेत."

पुन्हा हशा. जांगसूवालीही हसली. बेटावर बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारत, आणि जांगसू दूर डोंगरात होतं. लग्न होऊन ती आली तोवर तिनं समुद्र पाहिला नव्हता. त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. नवरा गेला, मुलगी ग्वांगजू शहरात नांदायला गेली, पण "डोंगरातली" काही सुटलं नाही. खरं म्हणजे मियॉकची पट्टी तिच्याइतकी सरळ कोणालाच लावता येत नसे.

नमुने द्यायच्या दिवशी धक्क्यावर बर्फ भरलेला मासळीचा खोका ठेवला होता. एकेक बाई रुमालात गुंडाळलेली डबी आणून त्यात टाकी आणि दुसरीकडे बघत निघून जाई. डब्यांवर नावं नव्हती. कोणाची कोणती हे मलाही कळता कामा नये, नियमच तसा आहे, असं सरांनी तीन-तीनदा बजावलं होतं. "आज काय मासळी चाललीय?" बोटवाल्यानं विचारलं. "घरची पाळलेली," वांदोवाली म्हणाली. "वास घेऊन बघ."

मालसुन मात्र त्या वेळी घरी संडासात घाम पुसत बसली होती.

गुडघ्यांच्या गोळ्यांनी तिचं पोट बांधून टाकलं होतं. दिवसचे दिवस काही नाही. आणि हीच बाई धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला पट्टी दाखवून सांगायची, "मियॉक खाणाऱ्याला जन्मात कुंथावं लागत नाही, घ्या!" बोटीचा भोंगा वाजला. तिनं कपडे सारखे केले, बाहेर आली. अंगणात थुई कपडे वाळत घालत होती.

थुई तिची सून. व्हिएतनामची. मालसुनचा मुलगा सांगहो मोठ्या मासेमारी बोटीवर होता. महिनोन्‌महिने घरी नसे. बेटावर बायको मिळेना म्हणून दलालामार्फत लग्न झालं होतं. त्यांची मुलगी आरा आता शाळेत जायला लागली होती.

"थुई," मालसुन हळू आवाजात म्हणाली, "तुझं आज झालं का?"

"काय झालं का?"

मालसुननं डबी पुढे केली. थुईनं डबीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग हातातला सदरा दोरीवर टाकला आणि डबी घेऊन आत गेली.

खोक्यात शेवटची डबी अध्यक्षबाईंची पडली. "आधी म्हणाली होतीस ना, सगळ्यात आधी?" वांदोवालीनं टोकलं. "राजाची पालखी शेवटीच येते," मालसुन म्हणाली. आपल्याच उत्तरावर ती त्या दिवशी खूश होती.

शरदाच्या सणानंतर प्यो सर पुन्हा आले. मोकपोहून पेरांची पेटी घेऊन आले. सभागृह भरलं होतं. थुई मागच्या बाजूला चहा ओतत होती, कारण तरुण सून म्हणून ते काम तिच्याकडेच असे.

"तुमची पोटं म्हणजे खजिना आहे," सर म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. शहरातल्या लोकांपेक्षा कात्रीवाले जीवाणू किती पटींनी जास्त, त्यांच्यामुळे पोसलेले चांगले जीवाणू किती. बायकांना आकडे समजले नाहीत, पण आपल्या पोटाचं कौतुक होतंय एवढं समजलं आणि त्या एकमेकींच्या पाठीवर थापा मारू लागल्या. मालसुनची मान ताठ झाली.

"फक्त एक डबी वेगळी निघाली," सर हसत म्हणाले. "त्यात कात्रीवाले औषधालाही नाहीत. जणू त्या बाईंनी या बेटावरचं मियॉक कधी चाखलंच नाही. यात वाईट काही नाही हं. खाऊनही सगळ्यांच्या पोटात ते राहतातच असं नाही. माझ्या स्वतःच्या पोटातही नाहीत."

पण शेवटची वाक्यं कोणी ऐकलीच नाहीत. सगळ्यांच्या माना आधीच एकीकडे वळल्या होत्या.

"जांगसूवाली!" वांदोवाली ओरडली. "अगं, चाळीस वर्षं कढण कुठं ओतत होतीस? कुत्र्याला?"

"मी... मी पिते की," जांगसूवाली म्हणाली.

"तू पितेस, पण पोट म्हणतं मी डोंगरातलंच!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. जांगसूवाली हसण्याचा प्रयत्न करत होती आणि तिचा हात नकळत पोटावर गेला होता, जणू आत कोणी आहे का ते चाचपून बघत होती.

मालसुननं मागे पाहिलं. थुई किटली हातात धरून उभी होती आणि सरळ तिच्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

ते सगळं समजायला थुईच्या बाळंतपणापर्यंत मागे जायला हवं.

वादळामुळे बोटी बंद होत्या. बेटावरच्या दवाखान्यातल्या नर्सनं कसंबसं बाळंतपण पार पाडलं. थुई मरता मरता वाचली होती. रक्त फार गेलं होतं. मालसुननं तिच्यासाठी त्या वर्षीची सगळ्यात सुंदर पट्टी राखून ठेवली होती. लांब, रुंद, कुठं भोक नाही की सुरकुती नाही. तिच्या टोकाचा हातभर तुकडा तिनं काढला, शिंपले आणि तिळाचं तेल घालून पहाटेपासून कढण उकळलं, आणि देवीला दाखवून थुईच्या समोर ठेवलं. थुईनं दोन चमचे घेतले आणि सगळं अंथरुणावर ओकून टाकलं.

मालसुनला झोंबलं. इतकं झोंबलं की तिला स्वतःलाही पुढे नवल वाटायचं. देवीचं अन्न, आपल्या हातचं, आपल्या खडकावरचं, आणि ही परक्या देशातली पोर नाक मुरडून ओकते! तिनं पातेलं उचललं आणि जाऊन समुद्रात रिकामं केलं. "नको ना? राहू दे मग," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं कढण केलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. थुईच्या पानात भात पडला, मीठ पडलं, कधी अंडं पडलं. सांगहो समुद्रावर होता. विचारणारं कोणी नव्हतं.

विचारणारं होतं, पण ते घराबाहेर. "काय अध्यक्षबाई, सून कढण पिते का?" असं कोणी विचारलं की मालसुन म्हणायची, "तीन आठवडे. एक वेळ चुकली नाही." पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली. मग नाही झाली. बायका म्हणायच्या, बघा, परदेशातली सून पण पोटच्या पोरीसारखी जपते. तिला अध्यक्ष केलं तेही तसं बघितलं तर त्याच कौतुकावर.

उरलेली पट्टी कोठीत आढ्याला टांगलेली राहिली. ती विकावी तर बाळंतिणीची राखलेली पट्टी विकत नाहीत. खावी तर घशाखाली उतरली नसती. मालसुननं तिच्यावर गोणपाट टाकून ठेवलं. आणि थुईनं त्या दिवसानंतर कधी मियॉक तोंडात घातलं नाही. समुद्रातलं दुसरंही काही हिरवं खाल्लं नाही. मालसुननं कधी तिच्यासमोर ठेवलं नाही. एका चुलीवर दोन स्वयंपाक होत गेले, इतक्या सवयीनं की त्यात काही वावगं आहे हेही दोघींना दिसेनासं झालं होतं.

प्यो सरांच्या यंत्राला मात्र ते दिसलं.

थंडी पडली. जांगसूवाली सभागृहात यायची कमी झाली. सुरुवातीला बायकांनी चिडवलं, मग विसरून गेल्या. मालसुन विसरली नाही. रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगू, हसतील आणि संपेल. पण बोलायला तोंड उघडलं की पुढचं सगळं डोळ्यांसमोर येई. एक धागा ओढला की दुसरा निघणार. स्वतःचं पोट बांधल्याची गोष्ट हसण्यावारी गेली असती. थुईच्या पोटात काही नसल्याची गोष्ट कशी जाणार?

मग एक दिवस वांदोवाली तिच्या दारात आली, चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"वहिनी, ऐकलंस का? जांगसूवालीच्या पोरीचे दिवस भरत आलेत. आणि ही बाई माझ्याकडे पट्टी मागायला आली! म्हटलं, अगं, तुझ्यासारखी पट्टी बेटावर कोणाची आहे? तर म्हणते, माझ्या हातची नको. बाळंतिणीला द्यायचं, देवीपुढं ठेवायचं, आणि माझं पोट तर ते धरतच नाही. माझ्या हातची लाभायची नाही. तुमची द्या." वांदोवाली हसत होती, पण तिचं हसू मध्येच खुंटलं. "मी थट्टा केली होती गं. इतकं मनाला लावून घेईल असं..."

मालसुननं चहाही विचारला नाही.

वांदोवाली गेल्यावर ती थुईपाशी गेली. थुई भिंतीला टेकून मुळ्याचे काप करत होती.

"ती डबी तुझी होती हे मी सांगणार आहे," मालसुन म्हणाली. "मंडळासमोर. तुझं नाव घ्यावं लागेल. म्हणून आधी तुला विचारते."

थुईची सुरी थांबली नाही. "मी तेव्हाच ओळखलं होतं, आई. सगळा गाव माझ्या पोटाला हसत होता आणि मी त्यांना चहा देत होते."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

मालसुन खाली बसली. गुडघे करकरले.

"तुला तो वास इतका नकोसा झाला होता का?" तिनं शेवटी विचारलं. "तेव्हा. पहिल्या दिवशी."

थुईनं सुरी खाली ठेवली. "वासाचं काही नव्हतं. मला पाणीसुद्धा पोटात राहत नव्हतं त्या दिवशी. नर्सनं खुणा करून सांगितलं होतं, रक्त गेलंय, दोन दिवस असं होईल. मला ते तुम्हाला सांगता आलं नाही. भाषा कुठं येत होती?" ती थोडी थांबली. "दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. भूक लागली. मी वाट बघत होते. वाटलं, आज परत आणतील. तुम्ही भात आणलात. मग मला वाटलं, मुलगी झाली म्हणून असेल. मुलगी झालेल्या बाईला एकच दिवस देत असतील इकडे."

मालसुनला वाटलं, आपण या घरातून उठून कुठंतरी जावं, पण बेटावर जायला जागा तरी कुठं असते?

"मुलगी झाली म्हणून नव्हतं गं," ती म्हणाली.

"ते मला नंतर कळलं. आराचे किती लाड करता तुम्ही." थुईनं पुन्हा सुरी उचलली. "सांगा माझं नाव. पण सगळं सांगा."

खडक घासायचा दिवस ओहोटी बघून ठरतो. त्या दिवशी वारा सुरीसारखा होता. बायका डोक्याला फडकी बांधून, खुरपी घेऊन खडकांवर पसरल्या होत्या. मालसुन आधी जांगसूवालीच्या घरी गेली.

"मी येत नाही," जांगसूवाली म्हणाली. "माझा वाटा दुसऱ्या कोणाला द्या यंदा. माझ्या हातानं बी धरलं नाही तर सगळ्यांचं नुकसान."

"चल म्हणते ना. तुझ्याबद्दल बोलायचंय, आणि तुझ्या पाठीमागं बोलायचं नाही."

जांगसूवाली आली, पण काठावर उभी राहिली. मालसुन मोठ्या खडकावर चढू शकली नाही. खालीच ओल्या दगडावर उभं राहून तिनं हाक दिली. खुरप्यांचा आवाज थांबला.

"ती पाहुणे नसलेली डबी जांगसूवालीची नव्हती. माझी होती."

"तुझी?" वांदोवाली म्हणाली. "तुझ्या पोटात नाहीत तर कोणाच्या असणार?"

"डबी माझी. माल माझा नव्हता. मला चार दिवस झालंच नव्हतं."

वांदोवाली खडकावर फतकल मारून बसली आणि मांड्यांवर थापा मारत हसू लागली. "अगं बाई! अध्यक्षबाईंची वाट बंद! आणि धक्क्यावर त्या शहरातल्या लोकांना काय सांगते? जन्मात कुंथावं लागत नाही!" सगळ्या बायका हसत सुटल्या. जांगसूवालीच्याही ओठांचे कोपरे हलले. तिचा हात पुन्हा पोटावर गेला, पण या वेळी चाचपायला नाही.

"मग कोणाचा माल घातलास?" वांदोवालीनं विचारलं. "मांजराचा?"

"थुईचा."

हसू आणखी वाढलं आणि मग, भरलेल्या घरात दिवा गेल्यावर जसं होतं तसं, एकेकीचं बंद होत गेलं. सगळ्यात शेवटी वांदोवालीचं.

"पण वहिनी," ती म्हणाली, "थुईला तर तू..."

"तीन आठवडे," मागून कोणीतरी म्हणालं. "एक वेळ चुकली नाही म्हणाली होतीस."

वाट अजून मोकळी होती. खाऊनही सगळ्यांच्या पोटात राहतात असं नाही, असं प्यो सरच म्हणाले होते. एवढं एक वाक्य बोलली असती तर मालसुन सुटली असती. वाक्य खोटंही नव्हतं. ते तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं, तिथल्या तिथं राहिलं.

"एक वाटी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी. ती आजारी होती, ओकली. मला राग आला. पातेलं समुद्रात ओतलं आणि पुन्हा केलं नाही."

वांदोवालीला शब्द सापडला नाही असं बेटावर कोणाला आठवत नव्हतं. तिला त्या दिवशी सापडला नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग पोरीनं खाल्लं काय?"

"भात. मीठ. कधी अंडं."

जांगसूवाली काठावरून खाली उतरली. ती मालसुनजवळ येऊन थांबली. मालसुनला वाटलं, ही आता थुंकेल, आणि थुंकली तर बरं.

"मलाही पहिल्या दिवशी ओकारी आली होती," जांगसूवाली म्हणाली. "डोंगरातली ना मी. सासू काही बोलली नाही. अंथरूण बदललं, आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आली."

एवढंच म्हणाली. मग कोणाचं तरी पडलेलं खुरपं उचललं आणि आपल्या वाट्याच्या खडकाकडे गेली. एकेक करत सगळ्यांची खुरपी पुन्हा चालू झाली. मालसुनच्या बाजूच्या खडकावर मात्र दिवसभर कोणी आलं नाही. तिनं तो एकटीनं घासला.

तिनं अध्यक्षपद सोडलं. कोणी सोड म्हणालं नाही आणि कोणी राहा असंही म्हणालं नाही. त्यातच काय ते आलं. रस्त्यात बायका बोलायच्या, हवेबद्दल, बोटीबद्दल. तिच्या दारात चप्पल काढून आत येणं मात्र बंद झालं. पुढच्याच आठवड्यात जांगसूवाली आपल्या स्वतःच्या हातची पट्टी खांद्यावर सरळ धरून ग्वांगजूला जायला बोटीत चढली. वाऱ्यानं पट्टी हलत होती आणि बोटवाला तिच्यासाठी जागा करत होता. मालसुननं ते लांबून, कोठीच्या दारातून पाहिलं.

मग ती वळली आणि आढ्याखाली स्टूल ओढलं. गुडघे नको म्हणत होते. गोणपाट काढलं तेव्हा धुळीनं तिला खोकला आला. पट्टी तशीच होती. काळपट, ताठ, एका टोकाला हातभर कमी. तिनं ती खाली घेतली आणि न दुमडता दोन्ही हातांवर आडवी धरून अंगण ओलांडलं. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी बघत होतं. बघू दे.

स्वयंपाकघराच्या दारातून पट्टी आडवी जाईना. आतून थुईनं टोक धरलं आणि तिरकी करून आत घेतली.

मालसुननं हातानं तुकडा तोडला, सुरी लावली नाही. पाण्यात टाकल्यावर ते जुनं मियॉक हळूहळू फुगलं, हिरवं झालं, बोटांना बुळबुळीत लागायला लागलं. तेल, शिंपले, पाणी. उकळी आली की आच कमी. वाफेनं खिडकीची काच धुरकट झाली. इतक्या वर्षांनी हे करायला आपल्याला काही तोंड आहे का, हा विचार तिच्या मनात पातेल्याच्या उकळीसारखा सारखा वर येत होता, आणि तरी हात चालत होते.

तिनं वाटी थुईसमोर ठेवली आणि जरा लांब, दाराशी जाऊन बसली. समोर बसायची हिंमत झाली नाही.

थुईनं फुंकर घातली. एक चमचा. मग दुसरा. तिचं तोंड वाकडं झालं. ती थांबली, आणि पुन्हा घेतला. अर्ध्या वाटीवर चमचा खाली ठेवला.

"मला अजूनही चव आवडत नाही," ती म्हणाली.

"राहू दे मग," मालसुन म्हणाली, आणि म्हणताच आपण हेच शब्द पूर्वी एकदा वापरले आहेत हे तिच्या लक्षात आलं. चेहरा कुठं लपवावा तिला कळेना. ती वाटी उचलायला उठू लागली.

थुईनं वाटीवर हात ठेवला.

"ओतून टाका असं मी म्हटलं का?" ती म्हणाली. "ही राहू दे इथंच. आणि उद्या परत करा."